ऑर्व्हिलची अदलाबदल

डेलमार झास्ट्रो माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगायला मिळेलच असं नाही.

आमच्या हरमन्सफर्ट गावात मिल्वॉकीच्या संघाचा बेसबॉल सगळेच बघतात. फरक इतकाच, की बाकीचे खेळ बघतात आणि डेलमार सौदे बघतो. कोणता खेळाडू कोणत्या संघाला दिला, त्याच्या बदल्यात कोण आलं, आलेली पोरं तीन वर्षांनी काय दिवे लावतील, हे तो न्याहारीपासून सांगायला लागतो. सामना ऐन रंगात असताना हा टीव्हीकडे पाठ करून खालच्या लीगमधल्या एकोणीस वर्षांच्या पोरांचे आकडे वाचत बसलेला असतो. मिल्वॉकी जिंकली की म्हणतो, "आत्ता द्या यांना, भाव वर आहे." हरली की म्हणतो, "मी सांगत होतो, द्या म्हणून."

त्याचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच, की माणूस उतरणीला लागल्यावर द्यायचा नसतो, त्याच्या एक वर्ष आधी द्यायचा असतो. "आपलं शहर लहान," तो समजावतो. "न्यूयॉर्कवाल्यांसारखी तयार माणसं आपल्याला कुठली परवडायला? आपण होतकरू पोरं आणायची, वाढवायची आणि नाव झालं की देऊन टाकायची. मनात माया आली, की संघ बुडालाच."

ही फूटपट्टी तो अख्ख्या गावाला लावायचा. चर्चमध्ये नवे तरुण पाद्री आले, तेव्हा पहिल्याच रविवारी त्याने पायरीवर निकाल दिला, "प्रवचनात दम आहे, अंत्यविधीत कच्चा. दोन वर्षांत तयार होईल." स्वतःच्या बायकोबद्दल, आर्डेलबद्दल, तो चारचौघांत म्हणे, "ही मात्र सौद्याबाहेर. हिला कुणी मागायचं नाही." त्यावर आर्डेल हातातला वाढायचा डाव जरा जोरात खाली ठेवी. डेलमारला वाटे, लाजली.

मिल्वॉकीवाल्यांनी त्याचा सल्ला कधी घेतला नाही. पण आमच्या चर्चच्या डार्टबॉल संघाचा तो कप्तान होता आणि तिथे त्याला अडवणारं कुणी नव्हतं.

डार्टबॉल म्हणजे चर्चच्या तळघरातला बेसबॉल. भिंतीला मैदान रंगवलेला लाकडी फळा, वीस फुटांवरून खालून हात झुलवून डार्ट फेकायचा, आणि तो ज्या चौकटीत रुतेल त्याप्रमाणे धाव किंवा बाद. हिवाळाभर दर सोमवारी संध्याकाळी एका चर्चची दुसऱ्या चर्चशी गाठ पडते. धावा मी लिहिते. पोस्टात एकतीस वर्षं काढली, त्यामुळे माझा आकडा चुकत नाही आणि माझ्याशी कुणी वाद घालत नाही.

आमचं चर्च टेकडीवरचं, दुसरं नदीकाठचं. दोन्ही लुथरन पंथाचीच. आज्यापणज्यांच्या काळी प्रार्थना जर्मनमध्ये म्हणायची की इंग्रजीत, यावरून भांडण होऊन एकाची दोन झाली. आता दोन्हीकडे इंग्रजीच आहे, पण भांडण सांभाळून ठेवलेलं आहे. आणि चौदा वर्षं झाली, डार्टबॉलचा चषक नदीवाल्यांच्या कपाटात आहे. डेलमारला तो चषक मरायच्या आधी टेकडीवर आणायचा होता.

आमच्याकडून पहिला फेकायचा तो ऑर्व्हिल, आर्डेलचा भाऊ. बर्फ उडवायची आणि गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. तीस वर्षं तो आमच्याकडून फेकत आला होता, दहा फेकींत चार अचूक. गेल्या हिवाळ्यात ते तीनवर आलं. माझ्या वहीत डेलमारने ते बोटाने दाखवलं.

"लोइस, उतरण लागली."

"त्रेसष्टावं चालू आहे त्याला. तुझ्या गुडघ्यांना काय चढण लागली आहे?"

पण ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी, गावच्या बारमध्ये तळलेले मासे खाताना, डेलमार नदीवाल्यांच्या कप्तान व्हर्ना राडकेच्या टेबलाशी जाऊन बसलाच. व्हर्नाचं गुराढोरांच्या खाद्याचं दुकान आहे. ती बोलते कमी आणि वजन बरोबर करते. अर्ध्या तासाने डेलमार ताटाखालचा कागद फडकवत परत आला. ऑर्व्हिल नदीवाल्यांना द्यायचा, बदल्यात केली श्टुब्स आपल्याकडे. केली म्हणजे दुधाचा टँकर चालवणारी तेवीस वर्षांची पोरगी, दहात पाच मारणारी. आणि खाली डेलमारच्याच अक्षरात लिहिलेलं, "टेकडीकडून आणखी एक माणूस, नाव मागाहून."

"हे शेवटचं काय?" मी विचारलं.

"मोठ्या संघांत असंच करतात. सौदा आत्ता, एकाचं नाव नंतर. कुणीतरी फुटकळ मागतील. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, लोइस. त्या पोरीचा हात बघ तू." जाताना व्हर्नाने तो कागद मागून घेतला आणि पर्समध्ये टाकला.

लीगचा नियम असा, की ज्या चर्चकडून खेळायचं त्याचं सभासद असायला हवं. म्हणजे ऑर्व्हिलला नुसता संघ नाही, चर्च बदलायचं होतं. ते सांगायला डेलमार मला सोबत घेऊन त्याच्या दुकानात गेला. एकटा जायची हिंमत नव्हती, हे माझं मत.

"ऑर्व्हिल, तू आता नदीवाल्यांकडून फेकायचंस."

"मी लुथरन आहे."

"तेही लुथरनच आहेत."

"आहेत. पण नदीचे." ऑर्व्हिलने पाना खाली ठेवला. "माझे आईबाप या टेकडीवर पुरलेत, डेलमार."

"पुरलेल्यांना कुणी हलवत नाहीये. तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस, हा धंदा असतो."

ऑर्व्हिल बराच वेळ हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. मला डेलमारच्या नडगीवर लाथ घालावीशी वाटली, पण दोन्ही बूट चिखलाने जड झाले होते.

"शब्द दिलास?" ऑर्व्हिलने विचारलं.

"दिला."

"मग जातो." आणि तो पुन्हा यंत्राकडे वळला.

आर्डेल नवऱ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, तेव्हा त्याला ते चार दिवस बरे होते असं वाटलं.

केलीने पहिले तीन सोमवार कमाल केली. डेलमार छाती काढून फिरत होता. चौथ्या सोमवारी ती आली नाही, कारण डेअरीने तिची पाळी संध्याकाळची केली होती. पाचव्या सोमवारीही नाही, सहाव्याही नाही. आम्ही नवाऐवजी आठ जण खेळलो आणि हरलो. डेलमार म्हणत राहिला, "गुण आहेत पोरीत, गुण आहेत." मी म्हटलं, "गुण टँकरमध्ये आहेत, लेका. इथे खुर्ची रिकामी आहे." हातचं सोडून पळत्याच्या मागे लागल्यावर दुसरं काय होणार?

जानेवारीत नदीवाल्यांशी सामना आला. ऑर्व्हिल रेषेवर उभा राहिला. गेली काही वर्षं तो डोळे बारीक करून, मान वाकडी करून फेकायचा. आम्हाला वाटे, ती त्याची लकब. त्या दिवशी तो सरळ उभा राहिला आणि फळा खरंच दिसत असल्यासारखा त्याने डार्ट फेकला. दहात सहा. मी दोनदा मोजले.

खेळ संपल्यावर डेलमार त्याच्याजवळ गेला. "काय केलंस तू?"

"दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. पहिल्याच दिवशी व्हर्ना म्हणाली, तू फळा नाही, धुकं बघतोयस. गाडीत घालून घेऊन गेली."

"मला कधी बोलला नाहीस!"

"तू कधी विचारलं नाहीस. आकडा तेवढा विचारायचास."

डेलमारने माझी वही हातात घेतली आणि आकडे न बघताच मिटली. हे मी लिहून ठेवायला हवं होतं, कारण असं फार वेळा घडत नाही.

तेवढ्यात व्हर्नाने पर्समधून तो ताटाखालचा कागद काढला. तेलाचे डाग तसेच होते. "माझं एक नाव राहिलंय," ती म्हणाली. "आर्डेल."

डेलमार हसला. "ती खेळत नाही. ती सँडविच करते."

"इथे खेळाडू असं लिहिलेलं नाही. माणूस लिहिलंय. अक्षर तुझं."

"ती सौद्याबाहेर आहे! गावाला विचार!"

"गावाला कशाला?" आर्डेल सँडविचच्या ताटामागून म्हणाली. तिने अॅप्रन काढून त्याची घडी घातली. "अडतीस वर्षं झाली लग्नाला. मला कुणी मागायचं नाही, हे हाच परस्पर ठरवतो. आज कुणीतरी मागितलंय. आणि माझा भाऊ तिकडे एकटा बसतो. मी जाणार."

तेल गेलं, तूप गेलं आणि डेलमारच्या हाती धुपाटणंही राहिलं नाही, कारण कॉफीचं मोठं भांडं आर्डेलच्या माहेरचं होतं, तेही गेलं.

आर्डेल राहत होती घरातच, पण रविवारी नवऱ्याला टेकडीवर उतरवून ती गाडी घेऊन नदीकडे जाई आणि दुपारचं जेवण ऑर्व्हिलकडे करून चारला परते. डेलमार घरी थंड सूप पीत बसे. चर्चमध्ये मी त्याच्या मागच्या बाकावर. आजवर स्तोत्राचं पान आर्डेल काढून द्यायची, आता तो पान शोधेपर्यंत आमचं स्तोत्र संपलेलं असे. सोमवारी पेट्रोल पंपावरची सँडविच यायची. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं, की महिनाभरात त्याने मिल्वॉकीबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. मग मात्र मला भीती वाटली.

फेब्रुवारीत मीच त्याला व्हर्नाच्या दुकानात घेऊन गेले. रस्त्यावर बर्फ होतं आणि त्याचं लक्ष ठिकाणावर नव्हतं.

"ऑर्व्हिलला परत दे," तो म्हणाला. "केली घे. वर आणखी दोघं घे."

"नको."

"चषक नको मला. तूच ठेव."

"तो माझ्याकडेच आहे." व्हर्ना पोतं शिवत होती. "आणि ऑर्व्हिल यायचा नाही. विचारून बघ."

डेलमारने टोपी काढली. इतक्या वर्षांत मी त्याला प्रार्थनेशिवाय टोपी काढताना पाहिलं नव्हतं. "मग मला घे," तो म्हणाला. "त्या दोघांच्या बाकावर बसू दे. बदल्यात काही नको. फुकट येतो."

व्हर्नाने दोरा दातांनी तोडला. त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं. "दहात किती मारतोस?"

"दोन," डेलमार म्हणाला. आणि मग, माझ्याकडे चोरून बघत, "दोनपेक्षा जरा कमी."

"सोबत काय देतोस?"

डेलमारने खिसे चाचपावेत तसं इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर थांबली. "लोइस," तो म्हणाला. "तिचा आकडा चुकत नाही."

मी तोंड उघडणार, एवढ्यात व्हर्नाने पोतं बाजूला केलं. "लोइस? आधी सांगायचंस ना! लोइस येणार असेल तर तिच्यासोबत तूही ये, बाबा. आमच्याकडे जागा आहे."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण आर्डेलच्या हातची सफरचंदाची पाई मी महिनाभर चाखली नव्हती, आणि डेलमारचा चेहरा बघवत नव्हता. मी हो म्हटलं. व्हर्नाने कागद घेतला आणि लिहिलं, "लोइस. सोबत डेलमार." डेलमारने ते वाचलं, दोनदा वाचलं. "भाव बरोबर लावलास," तो म्हणाला, आणि खाली सही केली.

त्या रविवारी आम्ही नदीकाठच्या चर्चमध्ये गेलो. आर्डेल आणि ऑर्व्हिल तिसऱ्या बाकावर होते. आर्डेलने नवऱ्याकडे बघितलं आणि बाकावरचा आपला कोट उचलून मांडीवर घेतला. कडेला ऑर्व्हिल होता, तो हलला नाही.

"कितीला गेलास?" त्याने पुढे बघतच विचारलं.

"फुकट," डेलमार म्हणाला. "वर लोइस द्यावी लागली."

ऑर्व्हिलने आपल्या नव्या, स्वच्छ डोळ्यांनी त्याला टोपीपासून बुटांपर्यंत सावकाश न्याहाळलं.

"तरी महागच पडलास," तो म्हणाला, आणि आत सरकला.

डेलमारने हसायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही. "हो," तो म्हणाला, आणि त्याच्या शेजारी बसला.