सूत्रधाराने न घेतलेलं नाव

सुधाकरकाका गेल्याचा एसेमेस आला तेव्हा मी ऑफिसात होते. हातातलं काम पूर्ण केलं, मगच उठले… रडू आलं नाही. आज महिना झाला, त्याचं वाईटही वाटत नाही.

काका शांती नगरात आमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहायचे. गिरगाव सोडून येताना नाटकाचं वेड त्यांनी सोबत आणलं होतं. दर गणपतीत सोसायटीचं नाटक तेच बसवत आणि पडदा उघडण्याआधी सूत्रधार म्हणून स्वतः पुढे येत. "लोक अजून खुर्च्या सरकवत असतात गं. तेवढ्यात गोष्ट सुरू केली की वाया गेली," म्हणायचे. मग गुजराती शेजारणींसाठी अर्धी गोष्ट हिंदीत सांगत. "भाभी, इसमें सास गूंगी है. आपको नहीं जमेगा!" हशा ओसरला की शेवटी लेखकाचं नाव. जुन्या संगीत नाटकांत ते सूत्रधारानेच घ्यायचं असतं, हे मला त्यांनीच शिकवलं. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. नांदी म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं.

बारावीच्या सुट्टीत मी एक नाटक लिहिलं, मराठीत. घरीही दाखवलं नाही, फक्त काकांना. त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, बाकी एक वाक्य बदललं नाही. "तुझं नाव असं घेईन, की मागच्या रांगेतले उभे राहतील." प्रयोगाला मी नवा ड्रेस घालून विंगेत उभी होते. नाव आलं की पुढे जायचं, असं ठरलं होतं. काका म्हणाले, "आणि हे नाटक लिहिलंय… तुमच्याच सुधाकरने!" टाळ्या पडल्या. माझी आईही वाजवत होती.

नंतर म्हणाले, "अगं, इंग्लिश मीडियमच्या पोरीचं मराठी म्हटल्यावर लोक चुका शोधत बसले असते. पुढच्या वर्षी नक्की." पुढच्या वर्षी मी लिहिलंच नाही. त्यानंतर लिफ्टमध्ये आम्ही दोघंच असलो, की ते हसून विचारायचे, "काय लेखिकाबाई?" तिसरं कुणी शिरलं की गप्प.

परवा काकूंनी बोलावलं. यंदा गणपतीत काकांच्या आठवणीत तेच नाटक करायचंय, आणि सूत्रधार मी व्हायचं. "त्यांचं नाव तू घे. तुझ्यावर फार जीव होता." मी पहिल्यांदाच बोलले, "काकू, ते नाटक मी लिहिलंय." त्या चादरीची घडी घालत होत्या. हात थांबले नाहीत.

"माहितेय गं. पण यंदा नको. यंदा ते गेलेत ना…"

मी बरं म्हणाले. काकू वर्तमानपत्राची ही पुरवणी दर रविवारी वाचतात. या लेखाखाली माझं पूर्ण नाव छापा, असं मी संपादकांना कळवलं आहे.