टाचा उचला

"टाचा उचला गं," ती हळूच म्हणायची, आणि काउंटरमागच्या सगळ्या बायका जरा उंच होऊन पुन्हा खाली यायच्या. तुम्ही नाशिकच्या मेन रोडवर कधी साडी घेतली असेल, तर कदाचित तुमच्याही समोर हे झालं असेल. गिऱ्हाइकाचं लक्ष काठपदराकडे असतं.

मी तिथल्याच एका साडीच्या दुकानाचा मॅनेजर. ती आमच्या काउंटरवरची, माझ्याहून थोडी मोठी, पंचवटीतून चालत यायची. ती मला भाऊ म्हणायची, मी तिला ताई.

टाचांचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिच्या पायाच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या तेव्हा. नव्या मुलींना ती ते दुकानाच्या हिशोबाने समजावायची. आमचा माल वरच्या मजल्यावर. गठ्ठा वरून टाकला की खाली येतो. घड्या घालून परत वर न्यायला मात्र माणूस लागतं.

"रक्ताचं असंच हाय. हार्ट म्हणजे आपले शेठ. जोर लावून माल खाली धाडतात. वर न्यायला त्यांचा जोर पुरत नाय, ते काम पोटरीचं. टाच उचलली की पोटरी आवळते, रक्त वर सरकतं. शिरेत मधी मधी झडपा असतात, वरच्या अंगाला उघडणाऱ्या. माघारी येऊ देत नाय. पण नुसतं उभं राहिलं की पोटरी गप्प, आणि माल पायातच पडून."

"झडप बिघडली तर?" एकीने विचारलं.

तिने साडी जराशी वर करून काळपट पडलेला घोटा दाखवला. "तर हा डिफेक्ट पीस. बदलून मिळत नाय."

सगळ्या हसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "डॉक्टर म्हणले, जास्त उभं राहू नका. मी म्हटलं, साहेब, चिठ्ठी आमच्या मॅनेजरच्या नावानं द्या."

मीही हसलो.

आता सांगतो. काउंटरमागे पूर्वी स्टुलं होती. "बसलेली माणसं दिसली की दुकान रिकामं वाटतं," असं शेठ एकदा सहज बोलून गेले. त्यांनी पुन्हा म्हणायची वाट न बघता मी स्टुलं माळ्यावर टाकली.

पुढच्या लग्नसराईत तिच्या घोट्याला जखम झाली. पट्टीतून ओल दिसायची. एका दुपारी गर्दी ओसरल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

"भाऊ, एक स्टूल काढाल का खाली? कोपऱ्यात ठेवीन. शेठ आले की उठीन."

मी खुर्चीत बसलो होतो. म्हणालो, "सीझन संपू दे, ताई. मग बघू."

"बघा," ती म्हणाली. जाता जाता माझा गार झालेला चहा बदलून आणायला सांगून गेली.

सीझन संपायच्या आधीच तिने काम सोडलं. जखम भरत नव्हती. शिरेचं ऑपरेशन झाल्याचं कानावर आलं. पूल ओलांडला की पंचवटी. मी गेलो नाही.

दिवाळीच्या तोंडावर ती मुलीसाठी साडी घ्यायला आली. मी खुर्ची पुढे केली.

"गिऱ्हाईक झालं की खुर्ची मिळते बघा," ती हसत बसली. जखम भरली होती. आता घरीच बसून फुलांचे हार करत होती. बोलताना खुर्चीखाली टाचा चालूच.

"ताई," मी म्हणालो, "तेव्हा स्टुलाला शेठ नाही म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलंच नव्हतं."

ती जरीवरून अंगठा फिरवत राहिली. "ठाऊक हाय. माळ्याची किल्ली तुमच्याकडंच असायची की." मग काउंटरमागच्या मुलींकडे मान वळवली. "माझा पाय बरा झाला, भाऊ. यांचं बघा."

मी माळ्यावर गेलो. धूळ झटकून स्टुलं खाली आणेपर्यंत ती हिरवी साडी घेऊन निघून गेली होती.

"हे कुणी सांगितलं?" शेठनी गल्ल्यावरून विचारलं.

"मी आणली," म्हणालो.

ते स्टुलांकडे एकदा बघून पुन्हा नोटा लावायला लागले. मुलींपैकी एक बिचकत बसली. बाकीच्या उभ्याच होत्या. मी पहिल्यांदाच काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलं: रांगेतल्या टाचा सावकाश वर जात होत्या, खाली येत होत्या. "टाचा उचला" म्हणायला ती तिथे नव्हती.