श्वास कितीवर आला

“भाऊ, माझा श्वास कितीवर आला बघा,” असं म्हणत मावशी पंप माझ्यासमोर धरायच्या. आधी कानाशी नेऊन हलवायच्या, आत काही शिल्लक आहे ना हे ऐकायच्या, आणि मग माझ्या हातात द्यायच्या.

घोलवडच्या चिकूच्या वखारीत मी वजनाची वही लिहायचो आणि मावशी प्रतवारी करायच्या. साठीच्या, काटक. चिकूवरचा करडा भुसा आणि पेंढ्याची धूळ चाळीस वर्षं छातीत घेतलेली. २०१७ साली डॉक्टरांनी दम्यासाठी दोन पंप दिले. निळा धाप लागली तरच घ्यायचा. दुसरा रोज सकाळ-संध्याकाळ एकेक फवारा ओढायचा आणि मग चूळ भरायची. त्यात एकशे वीस फवारे. पंपाच्या मागच्या छोट्या खिडकीतला आकडा प्रत्येक फवाऱ्याला एकाने उतरायचा. मावशींना तो बारीक आकडा दिसत नसे, म्हणून दर शनिवारी वाचन माझ्याकडे.

दुसऱ्या शनिवारी आकडा ब्याण्णव हवा होता. होता अठ्ठ्याण्णव.

“मावशी, सहा फवारे गेले कुठे?”

“गेले नाय, राहिले. दोन सोमवार, एक एकादशी. उपासाच्या दिवशी तोंडात औषध कसं घालू?”

मी चिडलो. वर म्हणालो, “आकडा चुकला की मला रात्रभर झोप लागत नाही.” तुमच्यापैकी ज्यांना हिशेबाचं व्यसन आहे त्यांना कळेल, हे मी खरंच बोललो होतो. मावशींनी पंप पदरात गुंडाळला. “बरं भाऊ, नाय चुकणार,” म्हणाल्या.

आणि आकडा पुन्हा चुकला नाही. दर शनिवारी तंतोतंत. मी तारीख घालून लिहायचो आणि पुढे बरोबरची खूण करायचो. वखारीतल्या बायका चिडवायच्या, “मावशीच्या छातीचा पण आता काटा झाला!” त्यावर मावशीही खोकत खोकत हसायच्या.

नवरात्रातल्या अष्टमीला दुपारी त्यांचा चिकू निवडणारा हात मध्येच थांबला. मी उठून गेलो तोवर पाण्याच्या टाकीला टेकून त्या पुढे वाकल्या होत्या. छातीतून शिट्टी येत होती. “भा...” एवढंच म्हणता आलं. खुंटीवरच्या पिशवीतून निळा पंप काढून मी दिला, पण फवारा आत ओढण्याइतकाही दम त्यांना घेता येईना.

मालाचा टेम्पो खोकी उतरवून डहाणूकडे पळवला. त्यांना मी बसवून धरलं होतं आणि श्वास मोजत होतो. पहिल्या मिनिटाला अडतीस भरले. मग शिट्टी बारीक होत गेली. ड्रायव्हर म्हणाला, “आवाज कमी झाला, बरं वाटतंय वाटतं.” मी त्यांच्या ओठांकडे पाहिलं. ते जांभळासारखे निळेकाळे पडले होते. पुढचे श्वास मोजायची माझी हिंमत झाली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “रोजचा पंप नियमित घेतात?” मी वही पुढे केली. खाडाखोड नसलेली. वही बघून डॉक्टरांनी कागदावर ‘नियमित’ लिहिलं.

तिसऱ्या दिवशी ऑक्सिजनची नळी निघाल्यावर मावशींनी स्वतःच सांगितलं. “उपासाला मी फवारे हवेत सोडत होते भाऊ. नवरात्रात तर रोजच. तुमची झोप जायला नको म्हणून.”

मी डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी समजावलं, हे औषध म्हणजे खाणं नव्हे, देवाला चालतं. मावशींनी मान हलवली. “बरं, नाय चुकणार,” म्हणाल्या. अगदी त्याच आवाजात.

पुढच्या वर्षी श्रावणात त्या तलासरीजवळ झरीला लेकीकडे राहायला गेल्या. जाताना नवा पंप मी उघडून दिला आणि वहीत लिहिलं, साठ दिवस. शनिवार येत राहिले. त्यांची जागा रिकामी होती आणि मी उगाच घड्याळाकडे बघायचो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झरीहून कामाला आलेल्या एका बाईने रुमालात गुंडाळलेला पंप टेबलावर ठेवला. “मावशीने दिलाय. म्हणाली, भाऊला दाखव म्हणजे झोपेल.”

“तब्येत कशी आहे त्यांची?”

“बरी आहे. उपासाने जरा थकली, बोलताना थांबते मध्येमध्ये.”

मी पंप कानाशी नेऊन हलवला. मग उलटा करून खिडकीत पाहिलं आणि वहीतली तारीख काढून दिवस मोजले. साठ. खिडकीत शून्य.

आकडा अगदी बरोबर होता. वही तशीच उघडी टाकून मी तलासरीची बस पकडायला निघालो.