बिनराखेचा वाफा

गुढी उभारून झाली, कडुनिंबाचा पाला चघळून झाला, की कमळूदादा ओट्याच्या कडेला येऊन उभा राहायचा आणि यंदा आपण काय काय करणार ते अख्ख्या आळीला सांगायचा. दम्याने छातीचा भाता झालेला, त्यामुळे एका वाक्याला दोन थांबे. "यंदा साजगावला लेकीकडं... चालत जानार. मदी कुटं... बसनार नाय. आन वड्यावर चाक बसवनार. भात आपोआप... कांडून निगंल." आळीतली माणसं हातातली कामं टाकून ऐकायची. हसायची, पण ऐकायची.

मी त्या गावात पहिल्यांदा गेलो तो नेमका त्याच दिवशी. गाव कर्जत आणि खालापूरच्या मधले, भातखाचरांचे. नाव सांगत नाही. का सांगत नाही ते पुढे कळेल. माझ्या पिशवीत आमच्या मंडळाची ताजी पत्रके होती, घसा तयार होता, डोक्यात भाषण होते. कमळूदादाचे आटोपल्यावर मी त्याच ओट्यासमोर उभा राहून बोलायला लागलो. सरकारच्या जुलमावर बोललो, जंगलच्या हक्कावर बोललो. ऐकायला दोन म्हातारे आणि एक शेळी राहिली. म्हातारेही बहुतेक उठायचा कंटाळा म्हणून बसलेले. बाकीचे गाव कमळूदादाच्या मागे ओढ्यावर चाकाची जागा बघायला गेले होते.

तेव्हापासून मला त्या माणसाचा हेवा वाटू लागला. तो हेवा शेवटपर्यंत गेला नाही.

हेवा करावा असे त्याच्यापाशी होते काय, असे कुणीही विचारील. दोन खाचरे, तीन मुली, एक दमा. ओढ्यावरचे चाक बसले, फिरलेही, पण कांडलेल्या भातात तांदळाहून कणीच जास्त निघाली. ती कणी कमळूदादाच्या घरी पेज करून बरेच दिवस पुरली. त्याच्या आदल्या वर्षी त्याने मडक्यात मधमाश्या पाळल्या होत्या. त्या एक दिवस उठल्या, शेजारच्या घरी आलेल्या पाहुण्यांना फोडून काढले आणि डोंगराकडे निघून गेल्या. साजगावला तो चालत गेला, ते मात्र खरे. परत आल्यावर मी मुद्दाम विचारले, "दादा, मध्ये कुठं बसला नाही?"

"नाय रं भाऊ. वाटंत झाडं हाईत ना, त्यास्नी टेकून उबा ऱ्हायलो. उबं ऱ्हानं म्हंजी काय बसनं न्हवं."

"किती झाडांना टेकलात?"

"वाटंत जेवडी हाईत तेवड्यास्नी," त्याची बायको चांगुणावहिनी आतून म्हणाली. "मी संगं व्हती ना. येका ठिकानी तर झाडच नव्हतं, तवा माजा खांदा धरला."

आणि तो खो खो हसला, हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता ओणवा झाला. वहिनी लगबगीने बाहेर आली आणि पाठ चोळू लागली. धाकट्या मुलीने न सांगता अडुळशाचा काढा आणून ठेवला. मी तेव्हा कर्जतला वाचनालयाच्या बाकावर झोपत होतो. माझ्या खोकल्याला पाणी आणून देणारे कुणी नव्हते. जनतेसाठी घरदार सोडले असे आम्ही पत्रकात छापत होतो. जनता मात्र संध्याकाळी कमळूदादाच्या ओट्यावर जाऊन बसत होती. मला ते झोंबायचे. आजही झोंबते.

त्याच्या आजाराचा खरा वैरी म्हणजे राब. आमच्या भागात भाताचे रोप टाकण्याआधी वाफा भाजतात. झाडाच्या फांद्या, म्हणजे टहाळ, तोडून आणायचा, त्यावर शेण, पालापाचोळा, गवत, वर माती, आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचे. त्या राखेत रोप जोमाने येते, तण जळून जाते. सगळे गाव एका पंधरवड्यात राब भाजते, आणि त्या पंधरवड्यात कमळूदादा घराची दारे लावून, ओले फडके तोंडाला बांधून, जगेन की मरेन अशा अवस्थेत पडून राहायचा. एवढे असून वैद्याने सांगितलेली धोतऱ्याची पाने तो चिलमीत घालून ओढायचा. वहिनी म्हणायची, "धुरानं जीव चाललाय, आन ह्यो धूरच वडतोय! काट्यानं काटा काडाया निगालाय, मेला."

अखेर एका पाडव्याला त्याने ओट्यावरून जाहीर केले, "यंदा राब भाजनार नाय. न भाजता रोप काडून दावीन. माजं बगून गाव भाजायचं सोडील. गावाचं बगून... तालुका."

लोक हसले. मी नाही हसलो. माझे धाबे दणाणले.

कारण असे. त्याच वर्षी जंगलखात्याने टहाळ तोडण्यावर बंदी घालायचे मनात घेतले होते. जंगल सरकारचे म्हणून फांदीही सरकारची, असा न्याय! वाडवडिलांपासून तोडत आलेल्या टहाळासाठी, हुकूम निघायच्या आधीच, बायाबापड्यांच्या हातातले कोयते जप्त होऊ लागले होते. आम्ही त्याविरुद्ध रान उठवले होते. आमच्या पत्रकाचा मथळाच होता, 'राबाशिवाय भात नाही, टहाळाशिवाय राब नाही'. गावोगाव तो भिंतींवर चिकटवला होता. कमळूदादाच्या घराच्या भिंतीवरही होता. आणि त्या भिंतीसमोर हा माणूस राबाशिवाय रोप काढणार होता.

मी त्याला पुष्कळ समजावले, पण तो ऐकेना. त्याने दिवाळीपासूनच खड्ड्यात पालापाचोळा आणि शेण कुजवायला घातले होते. वहिनीने आणि मुलींनी ते पाट्या पाट्या वाहून वाफ्यात पसरले. पाऊस लागला, बी टाकले, आणि रोप आले. हिरवेगार, मऊ, वाऱ्याबरोबर लवणारे. शेजारच्या भाजलेल्या वाफ्यांच्या बरोबरीचे. गावची माणसे इरली डोक्यावर घेऊन बांधावर रांगेने उभी राहून बघायची. माझ्या सभेला आली नव्हती तेवढी.

"दादा," मी म्हणालो, "ह्यात थोडी राख तरी टाका वरून. तुमच्या ह्या वाफ्यानं आमची चळवळ बुडेल."

"टीचभर पान्यात बुडती तुमची चळवळ?" तो म्हणाला. "मंग लय खुजी म्हनायची, भाऊ."

"चेष्टा नाही. खात्याच्या कानावर गेलं तर उद्या म्हणतील, बघा, टहाळाची गरजच नाही."

तो वाफ्याच्या कडेला उकिडवा बसला आणि रोपावरून हात फिरवत म्हणाला, "भाऊ, मदमाश्या पळाल्या. चाकानं कनी क्येली. जलमात येवडी येक गोष्ट जमली रं. हिच्यावर राख टाकू व्हय?"

खात्याच्या कानावर गेलेच. आठवड्याभरात मोठा साहेब चौकशीला आला, बरोबर रेंजर. साहेब आपल्यातलाच, मराठी बोलणारा, म्हणून जास्तच चीड आणणारा. सगळे गाव वाफ्याभोवती जमले. चौकशीत लोकांच्या वतीने बोलायचे ते मी. मी बोललो. कायदा सांगितला, अन्याय सांगितला, मुठी आवळल्या. साहेबाने सगळे ऐकून घेतले आणि छत्रीच्या टोकाने वाफा दाखवत विचारले, "मग हे काय आहे?"

साहेब चिखलात उतरला, रोप उपटून मुळे बघितली, आणि खरोखर खूश होऊन म्हणाला, "शाबास! कुणी केलं हे?"

कमळूदादा पुढे झाला. त्या दिवशी त्याने धुतलेली बंडी घातली होती. साहेबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हाला कर्जतला बोलावू. कचेरीत सगळ्यांसमोर फेटा बांधू. तालुक्याला तुमचं उदाहरण दाखवू. धुराचा त्रास होतो ना तुम्हाला? आता भाजणंच बंद होईल. म्हणजे टहाळाची गरज नाही, असंच तुमचं म्हणणं ना?"

कमळूदादाचा चेहरा मला अजून दिसतो. इतक्या वर्षांत त्याला कुणी शाबास म्हटले नव्हते. त्याला हवे ते सगळे त्या एका वाक्यात होते. नाव होते, फेटा होता, उन्हाळ्यातला मोकळा श्वास होता. त्याने फक्त "व्हय, सायेब" म्हणायचे होते, आणि ते खरेच होते. मी मनात म्हटले, संपले. हा माणूस आता हो म्हणणार. आणि खरे सांगतो, त्याही क्षणी माझ्या पोटात टहाळापेक्षा त्या फेट्याचीच आग होती.

त्याने भोवतीच्या माणसांकडे बघितले. ज्यांच्या घरी चार जनावरे नाहीत, कुजवण्याइतके शेण नाही, वाहायला माणसे नाहीत, ती सगळी उभी होती.

"सायेब," तो म्हणाला, "ह्या वाफ्यात राख हाय."

"राख? तुम्ही तर भाजलं नाही म्हणता."

"मी नाय भाजलं. माज्या बायकूनं... शेजारच्या वाफ्यातली राख आनून टाकली. माज्या पाटी. मला मागनं कळलं." तो थांबला, श्वास घेतला. "मी आपला फुशारकी मारत ऱ्हायलो."

वहिनीने जन्मात त्या वाफ्यात राखेचा कण टाकला नव्हता, हे मला माहीत होते. मी रोज येत होतो तिथे. साहेबाने गर्रकन तिच्याकडे बघितले. "काय हो बाई, खरं?"

चांगुणावहिनीने डोक्यावरचे इरले जरा मागे सारले. नवऱ्याकडे एकदाच बघितले. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "व्हय, मीच टाकली. ह्येंच्या नादाला लागून पोरीस्नी काय कनी घालू वरीसभर? मागल्या साली घातली तेवडी बास झाली."

कुणीतरी फिसकन हसले. मग सगळे गावच हसले. साहेब खाली वाकून चिखल चाचपू लागला. "राख दिसत कशी नाही मग?"

"पावसानं धुतली, सायेब," वहिनी म्हणाली. "ऱ्हाती व्हय राख पावसात?"

रेंजर चुळबुळला. साहेबाने हात धुतले, छत्री उघडली आणि निघून गेला. त्या वर्षी टहाळाची बंदी आली नाही. त्यानंतरही आली नाही. माझ्या भाषणाने ती थांबली, असे आमच्या मंडळाच्या पुढच्या पत्रकात छापले गेले.

गावाने मात्र कमळूदादाला सोडले नाही. "काय कमळू, बायकूनं राख टाकली?" हे वाक्य त्याला बांधाबांधावर ऐकावे लागले. ज्यांना खरे कळले होते तेही हसत होते. न हसून चालणार नव्हते. खाते तेवढ्यावर स्वस्थ बसणारे नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात रेंजर येऊन बांधावर उभा राहिला, ह्याचा वाफा भाजतो की नाही ते बघायला. आता न भाजता आलेले रोप दिसले असते तर आदल्या वर्षीचे सगळेच उघडे पडले असते. वहिनी म्हणाली, "तुमी लेकीकडं जावा साजगावला, मी भाजते." तो गेला नाही. धन्याने स्वतः पेटवला नाही तर रेंजरला संशय यायचा, असे त्याचे म्हणणे. त्याने तोंडाला फडके बांधले, आपल्या हाताने राब पेटवला आणि धूर बांधापलीकडे जाईपर्यंत तिथेच उभा राहिला. टेकायला झाड नव्हते. वहिनी शेजारी होती.

त्या उन्हाळ्यातून तो उठला, पण पहिल्यासारखा नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, राब पेटलेले असतानाच, गेला. मी पोहोचलो तेव्हा आजूबाजूच्या गावांची माणसे आळीत मावत नव्हती. मला वाईट वाटले, आणि ती गर्दी बघून जळफळाटही झाला. दोन्ही एकदमच झाले. त्यातले कुठले आधी, ते मला ठरवता आले नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी वहिनीला भेटायला गेलो. म्हणालो, "वहिनी, दादाचं रोप खरं होतं. हे कुणीतरी लिहिलं पाहिजे. गावाचं नाव न घालता मी लिहीन."

"लिवा," ती म्हणाली. "नाव मातुर नगा घालू. टहाळ ऱ्हाऊ दे."

मी उठलो. तिने दारापर्यंत येऊन हाक मारली.

"भाऊ, येक सांगते. तुमी त्यांच्यावर जळायचा, ते ठावं व्हतं त्यांना."

मी पिशवी खाली ठेवली.

"खुशीत असले की म्हनायचे, गाव सगळं मला हसतंय. पर त्यो पत्रकवाला भाऊ हाय ना, कर्जतचा, शिकल्याला, त्येला माजा हेवा वाटतो. येकट्यालाच वाटतो. मंग काय तरी केलं आसंलच की मी."