बाह्य सेवा पुरवठादार

"मॅडम, विनायक विचारतोय, फॉरमॅट मारू का?"

डॉक्टर सामंतांचा फोन होता. सकाळचे सव्वाआठ वाजले होते आणि मी कुकर लावत होते. विनायक म्हणजे डॉक्टरांचा मेहुणा. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे त्यांच्या घरातली विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू बिघडली की आधी त्याच्याकडे जाते.

"फॉरमॅट कशाला?"

"स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलंय. तुमच्या फाइल्स आता आमच्या ताब्यात आहेत, असं. पेशंटचे रिपोर्ट उघडत नाहीत. याने तीनदा रीस्टार्ट करून बघितलं. आता बॅकअपची हार्ड डिस्क लावून बघतोय."

"लावली?"

"लावतोय."

"त्याला सांगा, डिस्क खिशात घाल आणि बाहेर जाऊन चहा पी."

डॉक्टरांची गोखिवऱ्याला पॅथॉलॉजी लॅब आहे. रक्त, लघवी, थायरॉइड, सातिवलीच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या वार्षिक तपासण्या. मी मुंबईत एका बँकेत बावीस वर्षं कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम केलं, मग नोकरी सोडली आणि वसईतल्या अशा सात-आठ ठिकाणांची कामं घेतली. बँकेत असा प्रसंग आला की एक बंद खोली, मोठा पडदा आणि अकरा माणसं असायची. इथे मी होते आणि रिक्षा.

झालं होतं ते रॅन्समवेअर. बाहेरचा कोणीतरी आपल्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो, आपल्याच फाइल्सना स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. अशा मशीनला बॅकअपची डिस्क जोडली की तिलाही कुलूप बसतं. बॅकअप शाबूत आहे का हे बघायला जाऊन बॅकअप घालवलेले लोक मी पाहिलेत. त्यात एक इंजिनिअर होता.

रिक्षात बसल्या बसल्या डॉक्टरांना सांगितलं, "भिंतीवर ती छोटी पेटी आहे ना, तिच्यातल्या सगळ्या निळ्या वायरी उपसा. वायफाय बंद करा. कॉम्प्युटर मात्र चालू राहू द्या."

"बंद नको करायला?"

"नको. आत कोण आलं, काय केलं, याच्या खुणा चालू मशीनच्या मेमरीत असतात. बंद केलं की पुसल्या जातात."

"तीनदा रीस्टार्ट केलाय म्हटलं ना."

"मग तीनदा पुसल्यात. चौथ्यांदा नको."

लॅबमध्ये पोचले तेव्हा बाकांवर वीसेक माणसं बसली होती. सगळी उपाशीपोटी आलेली, त्यामुळे वातावरण तापलेलं. आत डॉक्टर उभे होते आणि त्यांच्यासमोर फ्लाविया उभी होती. फ्लाविया ही तिथली रिसेप्शनिस्ट. नंदाखालहून येते, सात वाजता लॅब उघडते, नऊ वर्षांत एकदाही उशीर केलेला नाही.

"हिनेच काहीतरी उघडलं असणार," डॉक्टर म्हणाले. "कुरिअरचं मेल, बक्षिसाचं मेल, काहीतरी. आधी ते शोधा. मग मी बघतो हिचं."

फ्लावियाच्या हातात स्टिकरचा रोल होता आणि तो ती उगीचच घट्ट गुंडाळत होती.

बँकेतही हेच व्हायचं. घर पेटलेलं असताना काडी कोणी ओढली यावर मीटिंग. मी म्हटलं, "डॉक्टर, ते नंतर. आधी हे सांगा, आज सकाळपासून किती जणांचं रक्त काढलंय?"

त्यांनी रॅककडे बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. रॅकमध्ये चाळीसच्या वर नळ्या होत्या. प्रत्येकीवर फक्त बारकोड. कुठला बारकोड कोणाचा, हे सांगणारी यादी कॉम्प्युटरमध्ये, कुलपाच्या आत. तपासणीचं मशीन त्याचं त्याचं चालत होतं, पण ते नंबर सांगणार, नाव नाही. त्यातल्या एका बाईंचं दुपारी ऑपरेशन होतं आणि त्यांचा सर्जन प्लेटलेटच्या आकड्यासाठी थांबला होता.

"परत बोलावून परत काढावं लागेल," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "फोन नंबरही आतच आहेत."

"नाही लागणार," फ्लाविया म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलत होती. "बारकोड दोन-दोन निघतात. एक नळीवर लावते, दुसरा मी पेशंटच्या चिठ्ठीवर चिकटवते. तुम्ही म्हणाला होता स्टिकर वाया घालवू नको, तरी चिकटवते."

तिने ड्रॉवरमधून डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. प्रत्येकीवर नाव आणि त्याखाली स्टिकर. मी तिला जाड वही दिली आणि सांगितलं, आता कॉम्प्युटर विसर, सगळं हाताने. ती लगेच बसली. दहाच्या आत त्या बाईंचा रिपोर्ट डॉक्टरांनी पेनाने लिहून, सही-शिक्का मारून पाठवला. शिक्का सापडायला मात्र वेळ लागला.

मग मी माझं काम सुरू केलं. स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढले. एका कागदावर वेळा लिहायला लागले: किती वाजता दिसलं, कोणी पाहिलं, कोणी काय केलं.

"हे लिहीत काय बसताय?" डॉक्टर म्हणाले.

"संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला वेगळं आठवायला लागतं म्हणून."

स्क्रीनवरच्या मजकुरात शेवटी खंडणीचा आकडा होता. तो मी डॉक्टरांना वाचू दिला नाही. आकडा वाचला की माणूस घासाघीस करायला लागतो, आणि घासाघीस म्हणजे संभाषण. उत्तर द्यायचं नाही, एवढंच ठरलं. पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार द्यायला त्यांची ना होती. बाहेर कळलं तर लॅबचं नाव जाईल, म्हणाले. बाहेर बाकांवर वीस माणसांना विनायक चहा पिता पिता सगळं समजावून सांगत होता. मी नुसतं दाराकडे बोट दाखवलं. त्यांनी तक्रार दिली.

आता प्रश्न होता, चोर आला कुठून. मी फ्लावियाकडे गेले आणि साधेपणाने विचारलं, "काल-परवा काही वेगळं वाटलं का? मेल, फोन, काहीही."

"तुम्हाला मेसेज केला होता मॅडम."

"मला?"

तिने मोबाइल पुढे केला. आदल्या दिवशी दुपारी पावणेदोन. 'मॅडम माउस आपोआप हलतो.' खाली माझं उत्तर होतं. 'सेल बदल.' आणि अंगठा.

"मी बदलला," ती म्हणाली. "मग थोड्या वेळाने हलायचा थांबला. मला वाटलं, सेलच होता."

माउस आपोआप हलतो याचे अर्थ दोनच. एक म्हणजे सेल. दुसरा म्हणजे कोणीतरी लांब बसून तो हलवतंय. हे मी बँकेत नवीन पोरांना शिकवायचे. त्या दिवशी मी जेवत होते.

लॅबमध्ये रिमोट ॲक्सेसचा एक प्रोग्रॅम होता. म्हणजे घरी बसून लॅबचा कॉम्प्युटर चालवायची सोय. कोण कधी आत आलं याची नोंद त्या प्रोग्रॅमच्या वेबसाइटवर राहते, लॅबच्या मशीनवर नाही. मी माझा लॅपटॉप मोबाइलच्या नेटवर जोडला आणि ती यादी उघडली. आदल्या दिवशी, एक वाजून अडतीस मिनिटं. चाळीस मिनिटं कोणीतरी आत होतं. खात्याचं नाव 'सपोर्ट'. पासवर्ड फोडायला त्याला फार कष्ट पडले नसणार, कारण पासवर्ड म्हणजे लॅबचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

मला हे माहीत होतं, कारण तो पासवर्ड मी ठेवला होता. तीन वर्षांपूर्वी तपासणीचं नवीन मशीन आलं, तेव्हा कंपनीच्या माणसाला चार दिवस आत येता यावं म्हणून ते खातं मी उघडलं. पाचव्या दिवशी बंद करणार होते.

खातं आधी बंद केलं. बाकीचे पासवर्ड मोबाइलवरून बदलले. मग जिन्याखालच्या पंपाजवळ जाऊन थोडा वेळ उभी राहिले. कोणाला काही कळलं नव्हतं. यादी फक्त माझ्या लॅपटॉपवर होती. आत डॉक्टर फ्लावियाला विचारत होते, "नक्की आठव, काय काय उघडलंस?"

पुढच्या चार दिवसांत लॅबचे कॉम्प्युटर पुसून पुन्हा उभे केले. विनायकच्या खिशातली डिस्क नऊ दिवस जुनी निघाली. मधल्या नऊ दिवसांचे रिपोर्ट चिठ्ठ्या आणि तपासणीच्या मशीनची छापील पट्टी बघून फ्लावियाने पुन्हा भरले. पाचव्या दिवशी मी अहवाल लिहिला. त्यात एक वाक्य होतं: 'बाह्य सेवा पुरवठादाराकडून एक तात्पुरते खाते बंद करणे राहून गेल्याचे निदर्शनास आले.' बावीस वर्षांचा अनुभव असल्याशिवाय असं वाक्य लिहिता येत नाही.

फ्लाविया तो प्रिंट करत होती. वाचता वाचता थांबली.

"मॅडम, हा बाह्य सेवा पुरवठादार कोण? मी त्याला कधी बघितलं नाही."

डॉक्टर शेजारीच होते. त्यांनीही वर बघितलं.

"मी," म्हटलं. "खातं मी उघडलं होतं आणि मीच विसरले. वर हिने आदल्या दिवशी सांगितलं, तेव्हा मी तिला सेल बदलायला लावला. हिने काहीही उघडलेलं नाही."

प्रिंटर कागद ओढत राहिला. फ्लावियाने मान हलवली आणि खुर्ची ओढून खाली बसली. पाच दिवसांत तिला मी पहिल्यांदाच असं बसलेलं बघितलं, काही काम न करता.

डॉक्टर म्हणाले, "वाक्य बदला मग." मी बदललं. त्यांनी तिची माफी मागितली का, ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून ते तिला 'अहो फ्लाविया' म्हणायला लागले आणि स्टिकरबद्दल बोलायचे थांबले.

माझं काम जाणार, हे मी धरून चालले होते. महिना उलटला तरी निरोप येईना, तेव्हा मीच विचारलं.

"तुम्हाला कशाला बदलू?" डॉक्टर म्हणाले. "नवीन माणूस येणार, त्याचीही अशी खाती राहणार. तुमची निदान आता माहीत झाली."

आमच्या धंद्यात विश्वास म्हणतात तो बराचसा हाच.