पुरा पाय टेकला तो दिवस

नवऱ्याने माझा खुबा मोडला तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं आणि मी सोनगीरजवळच्या त्याच्या गावी नांदत होते. तो बैलाला मारत होता. बैलाच्या पाठीची सालटी निघाली, म्हणून मी मध्ये पडले. त्याने हातातला कुऱ्हाडीचा दांडा माझ्या कमरेखाली घातला. मी पाण्याच्या दगडी डोणीवर आदळले, आत कडकन काहीतरी मोडलं. पडल्यावरही तो मारत राहिला. शेवटी सासूने गाडी जुंपायला लावली. माझी कीव आली म्हणून नव्हे. सून दारात मेली तर पोलीस येतील, या धाकाने.

धुळ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मुंबईला शिकून आलेल्या डॉक्टरांनी हाडात पोलादी खिळा ठोकला. तिथून आबांनी, माझ्या वडिलांनी, मला देवपूरला माहेरी आणलं. पावसाळा खाटेवर गेला, मग दोन कुबड्या आल्या. पाय जमिनीला नुसता लावायचा, भार द्यायचा नाही.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी पुन्हा हाडाचा फोटो काढून बघितला. "हाड छान जुळलंय. आता पुरा भार द्यायला हरकत नाही. पण घाई नको. जमेल असं वाटेल तेव्हा टेका, ते तुमचं तुम्हांलाच कळेल."

मला कळत होतं, म्हणूनच भीती वाटत होती. सासरहून निरोपावर निरोप येत होते, आणि ती चालायला लागली की पाठवतो, असा शब्द आबांनी देऊन ठेवला होता. आईने भाकरी थापता थापता माझ्याकडे न बघता सांगितलं, "पुरा पाय टेकू नको. कोनी इचारं त सांग, अजून दुखस."

आबा शेतावर गेले की मी गोठ्यात जायचे. कुबड्या भिंतीला लावायच्या आणि दोन्ही पायांवर उभं राहायचं. पहिल्यांदा खुब्यात सुरी फिरल्यासारखी कळ आली, मी गव्हाणीला धरून ओकले. पुढे कळ कमी होत गेली. जसजशी कमी झाली, तसतशी माझी झोप उडाली.

एके दिवशी सकाळी नवराच आला, सोबत त्याचा काका. आबांनी पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. मी कुबड्यांवर दारात उभी होते.

"चालस का ती?" त्याने आबांना विचारलं.

"अजून नही," आई आतून म्हणाली.

तो उठला, माझ्यापाशी आला आणि त्याने डावीकडच्या कुबडीला लाथ मारली. कुबडी अंगणात जाऊन पडली. मी पडायला हवं होतं. पडले नाही. पाय आपोआप टेकला आणि सगळं अंग त्या पायावर आलं.

तो हसला. "बठ्ठं नाटक शे. चाल घर." त्याने माझा अंबाडा धरून ओढलं.

दुसरी कुबडी माझ्या हातात होती. मी ती त्याच्या तोंडावर घातली. ओठ फाटला, दात रक्तात पडला. त्याने माझा गळा धरला आणि डोकं चौकटीवर आपटलं, पुन्हा आपटलं. कानात नुसता घूं घूं आवाज. आई त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती.

मग आबा उठले. अंगणातली कुबडी उचलून त्यांनी त्याला पाठीवर, हातांवर, गुडघ्यांवर मारलं. कुबडी मोडेपर्यंत मारलं. काकाने त्याला ओढत रस्त्यावर नेलं.

आबांना धाप लागली होती. "ती आठेच ऱ्हाई," ते म्हणाले. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

मी तिथेच राहिले. काडीमोड झाली, शिवणकाम शिकले, लंगडणं कायमचं राहिलं. त्याने दुसरी केली. ती एकदा धुळ्याच्या बाजारात मला दिसली, मनगट फडक्यात बांधलेलं. मी तिला गाठलं आणि आमचं घर कुठे ते नीट सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मान हलवली.

ती आली नाही.