आतल्या खोलीची अळणी

मटणाचा रस्सा वाटीत घालून शेजारी भाकरी मांडणाऱ्या घरात माझं मन रमत नाही. रस्सा पितळीत खायचा. ज्वारीची भाकरी त्या खोल ताटात बारीक कुस्करायची, वरून कढत रस्सा ओतायचा, तो भाकरीला पिऊ द्यायचा आणि मग पाची बोटांनी ओरपायचं. कांदा बुक्कीनं फोडायचा. विळीवर चिरलेला मला आजही चालत नाही. आणि या सगळ्याच्या आधी, भांड्यात तिखट पडायच्या आधी, हळद-मिठात शिजलेल्या मटणाचं पाणी काढून ठेवायचं. मीठ असलं तरी त्याला आम्ही अळणीच म्हणतो. ती आजाऱ्याची, लहान पोरांची, बाळंतिणीची. हा शेवटचा नियम आमच्या घरात कसा बसला ते सांगते, कारण तो कुणी गोडीनं बसवलेला नाही.

माझं सासर मंगळवेढ्याकडचं, मेंढरं राखणारं. मी होटगीहून लग्न होऊन आले तेव्हा रश्श्याची पळी सासऱ्यांच्या हातात होती. ज्यानं जनावर कापलं त्यानं वाढायचं, अशी त्या घरची रीत. चूल बायकांनी फुंकायची, पण मटण शिजलं की भांडं उचलून त्यांच्यापुढं ठेवायचं. ते आधी स्वतःला घेत, मग मुलांना वाढत. भांडं आमच्याकडं परत यायचं तेव्हा त्यात हाडं जास्त असत. सासरे तापट आहेत असं लोक म्हणत. मी म्हणते, मारकुटे होते. रस्सा पातळ झाला की पितळी भिंतीवर जायची, आणि मध्ये कुणाचं डोकं आलं तर डोक्यावर. माझ्या भुवईवरची खूण त्यातलीच.

थोरल्या जावेला मुलगी झाली त्या साली जाऊ अंगानं पार वाळली होती. दूध उतरेना. पोर रात्रंदिवस रडायचं, मग ते रडणंही बारीक झालं. शेळीचं दूध बोळ्यानं पाजलं तर ओकून टाकी.

"हिच्या पोटात अळणी जायला पायजे," सासूबाई म्हणाल्या, "न्हाईतर पोर हाताला लागत न्हाय."

पण नुसत्या बाळंतिणीसाठी त्या घरात मेंढरू कोण कापणार?

एका पहाटे कळपात लांडगा शिरला. राखणीला थोरले दीर होते, त्या पोरीचे वडील. त्यांचा डोळा लागला होता. लांडग्यानं एका मेंढीचं पोट फाडलं आणि आतडी ओढत नेली. सासऱ्यांनी कोयत्यानं तिची मान कापली आणि त्याच रक्ताच्या हातांनी काठी उचलून दिरांना झोडपलं. दिरांनी हातसुद्धा आडवा धरला नाही. काठी मोडली तेव्हा सासरे थांबले. मग मेंढी सोलली, एक मांडी पाटलांकडं धाडायची म्हणून आढ्याला टांगली आणि बाकीचं चुलीवर चढलं.

दुपारी पुरुष जेवायला बसले. माझा नवरा सोलापूरच्या गिरणीतून सुट्टीवर आला होता, तोही बसला. सासूबाईंनी तिखट घालायच्या आधीच अळणी काढून ठेवली होती. रस्सा सासऱ्यांपुढं गेला तसा सासूबाईंनी अळणीचा वाडगा हळूच माझ्या हाती दिला. मी बाळंतिणीच्या आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी पोचले तेवढ्यात सासऱ्यांनी बघितलं.

"माजं मेंढरू गेलं, आन् आदी हिला पायजे व्हय? झालीया तर पोरगी."

ते उठले आणि माझ्या हातावर लाथ घातली. वाडगा उडाला, माझं मनगट पोळलं, सगळी अळणी जमिनीत मुरली.  एवढ्या आवाजानंही आत पोर रडलं नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

सासरे परत बसले आणि पळी उचलली. सासूबाई मैंदर्गीच्या. राग आला की त्यांच्या तोंडी कानडी यायचं, पण आजवर तो राग भांड्यांवरच निघत आला होता.

"साकु," त्या म्हणाल्या. पुरे.

चुलीतलं जळतं लाकूड त्यांनी ओढलं आणि सासऱ्यांच्या पळी धरलेल्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. कातडी जळाल्याचा वास मटणाच्या वासात मिसळला. सासरे उठायला गेले तर निखारा त्यांच्या दाढीशी. थोरले दीर उठले. मला वाटलं, आता हे आईवर हात टाकणार. ते दारात जाऊन पाठमोरे उभे राहिले. माझा नवरा पितळीत बघत बसला. तो जन्मभर तसाच होता.

"तिच्या पोटात गेल्याबिगर हितं कुणी घास मोडायचा न्हाय," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "ती मांडी काढ."

पाटलांसाठी टांगलेली मांडी मी पोळलेल्या हातानं तोडली. ती शिजेपर्यंत पुरुष पितळ्यांपुढं बसून राहिले. रश्श्यावर चरबी गोठली. सासरे हात पोटाशी धरून कण्हत होते. सासूबाई एक लाकूड विझलं की दुसरं ओढून घेत होत्या. जाऊ दोन वाडगे प्यायली तेव्हा त्यांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. रस्सा पुन्हा तापवून सगळ्यांना स्वतः वाढला. सासऱ्यांची भाकरीही त्यांनीच कुस्करली आणि पितळी पुढं सरकवली.

"खावा."

सासरे डाव्या हातानं जेवले, सगळ्यांदेखत. दुसऱ्या दिवशी जावेला दूध उतरलं आणि पोर रडायला लागलं, चांगलं खणखणीत.

सासऱ्यांचं हाड वाकडंच सांधलं. पळी पुन्हा त्यांच्याकडं गेली नाही. मारणं मात्र सुटलं नाही. माणूस डाव्या हातानंही मारू शकतो. पण मटण शिजलं की पितळीपुढं बसून ते आधी विचारत, "आत पोचलं का?" पोचलं म्हटल्यावरच भाकरी मोडत.

पुढं सासूबाई गेल्या. जाऊ वेगळी राहायला लागली. ती पोरगी मैंदर्गीला आजीच्या माहेरात दिली. आतल्या खोलीत ज्वारीची पोती आली. सासऱ्यांना डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, तरी वाकडा हात पितळीवर धरून ते विचारायचे, "आत पोचलं का?"

मला त्यांची कधी कीव आली नाही. पण मी वाडगाभर अळणी काढायची, आत नेऊन पोत्यांपाशी ठेवायची, आणि मगच म्हणायची, "पोचलं."